‘साठी बुद्धि नाठी’ : एका म्हणीची तपासणी

मराठींत वृद्धांविषयीं म्हणी पुष्कळ आहेत. परंतु ‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण जितकी सर्वतोमुखीं आहे तितकी दुसरी क्वचितच असेल. एखादा गृहस्थ बोलतां बोलतां ओळखीचें नांव विसरला कीं घरांतील धाकटीं माणसें ही म्हण उच्चारितात, आणि कांहीं दिवसांनीं तो गृहस्थ स्वतःच ती उच्चारूं लागतो. येथपर्यंत तो विनोद असतो. पुढें जेव्हां तोच गृहस्थ अर्धवट नक्कललेलें बाड ‘आतां आमच्यानें होत नाहीं’ असें म्हणून फडताळांत ठेवून देतो, तेव्हां तो विनोद राहत नाहीं. जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणारे, मोडी व फारसी वाचणारे, पोथ्यांतील पाठभेद टिपणारे लोक बहुधा साठीच्या पलीकडचेच असतात. म्हण खरी असेल तर या मंडळींच्या वाचनावर विसंबणें धोक्याचें. खोटी असेल तर तिच्या भयानें फडताळांत गेलेलें प्रत्येक बाड हें इतिहासाचें अकारण झालेलें नुकसान. म्हणून अस्सलपणाविषयीं शंका असलेल्या कागदाची तपासणी करावी, तशी या म्हणीची तपासणी करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. म्हणीचें अंतरंग

प्रथम शब्द पाहूं. संस्कृत ‘षष्टि’ यापासून प्राकृत ‘सट्ठि’ व त्यापासून मराठी ‘साठ’, ‘साठी’ हीं रूपें झालीं. संस्कृत ‘नष्ट’ यापासून प्राकृत ‘नट्ठ’ व त्यापासून मराठी ‘नाठा, नाठी, नाठें’ हीं रूपें झालीं. ‘दृष्टि’पासून ‘दीठ’ व ‘मुष्टि’पासून ‘मूठ’ ज्या नियमानें झाली, तोच हा नियम. एकाच नियमानें घडलेले हे दोन शब्द उच्चारांत एकमेकांस अगदीं चिकटून बसले, आणि त्या चिकटण्यांतच या म्हणीचें सारें बळ आहे. ‘सत्तरी’शीं यमक जुळणारा त्याच अर्थाचा शब्द मराठींत असता, तर बुद्धीस आणखी दहा वर्षें सहज मिळालीं असतीं! यमक हें स्मरणास सोयीचें असतें. तें प्रमाण नव्हे. म्हणीवर काल नाहीं, कर्ता नाहीं, शिक्का नाहीं. तेव्हां अंतरंगावरून तिच्या बाजूनें कांहीं सिद्ध होत नाहीं. बाह्य पुराव्याकडे वळलें पाहिजे.

२. शास्त्रकारांची साक्ष

या विषयांत सर्वांत जुने साक्षीदार आमचे वैद्य. चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या आठव्या अध्यायांत वयाचे तीन भाग सांगितले आहेत : तीस वर्षांपर्यंत बाल्य, साठ वर्षांपर्यंत मध्य वय, व त्यापुढें शंभर वर्षांपर्यंत वार्धक्य. वार्धक्यांत जें जें कमी होत जातें त्याच्या यादींत ग्रहण, धारण, स्मरण, वचन आणि विज्ञान या पांच गोष्टी तेथें आहेत. म्हणजे म्हणीस चरकाचा आधार आहे, असें प्रथमदर्शनीं वाटतें.

परंतु सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पस्तिसाव्या अध्यायांत हाच हिशेब निराळा आहे. तेथें सोळा ते सत्तर हें सारें मध्य वयच मानिलें असून वार्धक्य सत्तरीनंतर सुरू होतें. शिवाय चाळिसाव्या वर्षापर्यंत सर्व शक्ति परिपूर्ण होतात व तेथून सत्तरीपर्यंत त्या किंचित् किंचित् उतरत जातात, असा बारकावाही सुश्रुतानें सांगितला आहे. दोन थोर आचार्यांत दहा वर्षांचें अंतर पडावें, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. दोघांनाही ऱ्हास मान्य आहे. तो एका ठराविक वर्षीं घाला घालून येतो, असें मात्र दोघांपैकीं कोणीही म्हणत नाहीं. चरक तर पुढें जाऊन असेंही बजावतो कीं, शंभरांहून अधिक किंवा कमी जगणारीं माणसें असतातच. त्यांच्या वयाचे भाग त्यांची त्यांची प्रकृति पाहूनच ठरवावे. सारांश, शास्त्रकार उतार सांगतात, म्हण कडा सांगते. आधुनिक मानसशास्त्रज्ञांचें मत या बाबतींत सुश्रुताच्या जवळ जातें. नवी गोष्ट झटपट आकळण्याची प्रवाही बुद्धि तरुणपणापासूनच हळूहळू मंदावते. परंतु शब्दसंग्रह, अनुभव व व्यासंग यांची संचित बुद्धि साठीनंतरही दीर्घकाळ टिकते, असें तें मत आहे.

३. बखरीची साक्ष

आतां म्हणीच्या बाजूचा पुरावा इतिहासांतून घेऊं. कारण प्रतिकूल पुरावा दडविणें हें संशोधकास शोभत नाहीं. शिवछत्रपतींचा काळ प्रत्यक्ष पाहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें आपली बखर लिहिली, ती इ. स. १६९४ ते १६९७ च्या सुमारास. वर्णन केलेल्या प्रसंगांपैकीं पुष्कळ प्रसंग तोंपर्यंत वीस ते चाळीस वर्षांचे जुने झाले होते. या बखरीचे गुण व दोष दोन्ही अभ्यासकांस ठाऊक आहेत. राज्याची व्यवस्था, गडावरील बंदोबस्त, कारखाने, खजिना व किल्ले यांच्या याद्या, माणसांचे स्वभाव, प्रसंगांतील रस हें सर्व तींत जिवंत उतरलें आहे. परंतु तिथी व शक यांची वाण आहे, आणि प्रसंगांचा अनुक्रम ठिकठिकाणीं मागेंपुढें झाला आहे.

याच्या उलट जेधे शकावली पाहावी. लोकमान्य टिळकांनीं ती १९१६ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हां शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादास एकदम निराळें वळण लागलें. शकावलींत रस नाहीं, संवाद नाहींत, वर्णन नाहीं. आहेत त्या केवळ तिथी व घटना. परंतु कालनिर्णयाच्या कामीं या कोरड्या टिपणापुढें रसाळ बखर टिकत नाहीं.

या दोन कागदांवरून मानवी स्मृतीची जात कळते. काल उलटला म्हणजे स्मृति गाभा राखते आणि तिथि सोडते. काय घडलें तें सांगते, केव्हां व कोणाकडून कळलें तें चुकते. वृद्धाच्या स्मृतींत हा भेद अधिक ठळक होतो, असें आजचे शास्त्रज्ञही सांगतात. तेव्हां म्हणींत सत्यांश आहे तो इतकाच. साठीनंतर बुद्धि नाठी होत नाहीं. शकावली नाठी होऊं लागते. आणि शकावली कागदावर उतरवून ठेवतां येते.

४. प्रतिकूल पुरावा

म्हणीच्या विरुद्ध जाणारा पुरावा आमच्याच क्षेत्रांत इतका आहे कीं त्यांतून निवड करणें हेंच कठीण. चार नांवें पुरेशीं होतील.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० सालचा. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० सालीं, म्हणजे वयाच्या पन्नाशींत, निघाला. दुसरा १९४१, तिसरा १९४६, चौथा १९५३ व पांचवा १९५८ ते १९६२ या काळांत निघाला. म्हणजे साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथाच्या पांच खंडांपैकीं चार खंड साठीनंतरचे आहेत, व शेवटचा भाग बाहेर पडला तेव्हां ग्रंथकार ब्याऐंशी वर्षांचे होते. पुढें पहिल्या खंडाची सुधारून वाढविलेली आवृत्ति छापली जाऊं लागली, तिचा पूर्वभाग १९६८ सालीं अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं निघाला.

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८६५ सालीं जन्मले. साठाव्या वर्षीं, १९२५ सालीं, त्यांनीं बडोद्याची नोकरी सोडली व ते कामशेतला राहूं लागले. सामान्य मनुष्याची कथा येथें संपते; त्यांची येथून सुरू झाली. १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस भाग त्यांनीं संपादिले. १९४६ ते १९४८ या सालांत मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत लिहिला, तेव्हां त्यांनीं ऐंशी ओलांडली होती.

त्यांचे स्नेही सर यदुनाथ सरकार यांनीं मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास १९३२ सालीं, साठी उलटल्यावर, प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. चौथा व अखेरचा खंड १९५० सालीं निघाला, तेव्हां ते एकोणऐंशी वर्षांचे होते. वेदमूर्ति श्रीपाद दामोदर सातवळेकर मूळचे चित्रकार. १९४८ सालीं औंध सोडून आपलें स्वाध्याय मंडळ पारडी येथें नव्यानें मांडिलें, तेव्हां ते ऐंशी वर्षांचे होते. शंभर वर्षें पुरीं करून १९६८ सालीं ते निवर्तले.

५. एक आक्षेप

येथें चतुर वाचक आक्षेप घेईल कीं, हे चार थोर पुरुष निवडून काढिले. ज्यांची बुद्धि खरोखरच गेली त्यांचे खंड निघालेच नाहींत, मग ते या यादींत कसे येणार? आक्षेप योग्य आहे. जे कागद वाळवीनें खाल्ले त्यांची साक्ष दप्तरांत मिळत नाहीं, तसेंच हें. शिवाय स्मृतिभ्रंश हा रोग आहे. तो विद्वानासही होतो व व्यासंग्यासही होतो. ज्याला झाला त्यानें अभ्यास सोडला म्हणून झाला, असें म्हणणें अज्ञान तर आहेच, शिवाय निर्दयपणाही आहे. म्हणून वरील यादीवरून आम्ही एवढेंच अनुमान काढितों कीं, साठी हें वर्ष बुद्धीच्या अंताचें नियत वर्ष नव्हे. व्यासंगानें बुद्धि टिकतेच, हा सिद्धान्त त्या यादीवरून निघत नाहीं. त्यासाठीं निराळा पुरावा पाहिजे, आणि सुदैवानें तोही थोडाबहुत उपलब्ध आहे.

६. वैद्यकाचा अलीकडील पुरावा

या पुराव्यांतील पहिला भाग आमच्या वाचकांस विशेष आवडेल, कारण तो हस्तलिखितांवर उभा आहे. अमेरिकेंतील एका ख्रिस्ती संघाच्या ६७८ वृद्ध जोगिणींचा अभ्यास डेव्हिड स्नोडन या शास्त्रज्ञानें १९८६ सालीं सुरू केला. संघाच्या दप्तरांत, कांहीं जणींनीं दीक्षेच्या वेळीं, सरासरी बाविसाव्या वर्षीं, स्वहस्तें लिहिलेलीं लहान आत्मवृत्तें जपून ठेविलेलीं होतीं. त्यांपैकीं ९३ जणींचीं आत्मवृत्तें तपासून १९९६ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी अधिक होती त्यांना वार्धक्यांत स्मृतिभ्रंश कमी झाला. विरळ लेखन हें पुढच्या रोगाचें कारण कीं पूर्वचिन्ह, हें त्यावरून ठरत नाहीं. परंतु साठ वर्षें कोणी न उलगडलेल्या कागदांनीं वैद्यकास नवा प्रश्न दिला, ही गोष्ट संग्राहकांनीं ध्यानीं ठेवण्यासारखी आहे. याच अभ्यासांत मरणोत्तर मेंदूंची तपासणी झाली, तेव्हां कांहीं जणींच्या मेंदूंत रोगाच्या खुणा भरपूर असूनही हयातींत त्यांची बुद्धि शाबूत होती, असेंही आढळलें. जन्मभर सांठविलेल्या बौद्धिक पुंजीवर मेंदू कांहीं काळ निभावून नेतो, असें शास्त्रज्ञ याचें स्पष्टीकरण देतात.

दुसरा पुरावा घरचा आहे. हैदराबाद येथील निजामांच्या नांवें चालणाऱ्या वैद्यकीय संस्थेंत सुवर्णा अल्लाडी व त्यांचे सहकारी यांनीं स्मृतिभ्रंशाचे ६४८ रोगी तपासले. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत रोगाचीं लक्षणें सुमारें साडेचार वर्षें उशिरां दिसलीं. आणि हा फरक निरक्षरांतही आढळला. ज्याच्या एका कागदांत मराठी, फारसी व संस्कृत एकत्र नांदतात, त्या आमच्या वाचकास हें वाचून समाधान वाटेल.

तिसरा पुरावा मात्र सावध करणारा आहे. अमेरिकेंत २,८३२ वृद्धांस निरनिराळ्या गटांत स्मरणाचें, तर्काचें व चपळाईचें शिक्षण देऊन २००२ सालीं त्याचें फळ प्रसिद्ध करण्यांत आलें. ज्या गटास जें शिकविलें त्यांत तो गट सुधारला. इतर बाबतींत तो सुधारला नाहीं. तात्पर्य, एकच कोडें रोज सोडविणारा त्या कोड्यांत पटाईत होतो, इतकेंच. स्तोत्रें पाठ म्हणणें मनास शांति देईल. पण तीसच स्तोत्रें तीस वर्षें म्हणणाऱ्याचें अनोळखी वळणाच्या कागदाचें वाचन त्यामुळें सुधारणार नाहीं.

चौथा पुरावा शरीराचा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें नेमिलेल्या मंडळानें २०२४ सालच्या अहवालांत स्मृतिभ्रंशास हातभार लावणारीं, पण टाळतां येण्याजोगीं, चौदा कारणें दिलीं आहेत. तीं सर्व आयुष्यभर टाळलीं गेल्यास सुमारें ४५ टक्के रोग टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अदमास आहे. त्यांत रक्ताचा दाब, मधुमेह, धूम्रपान व बैठेपणा हीं तर आहेतच. परंतु बहिरेपणा, उपचार न केलेला दृष्टिदोष व एकांतवास हीं तीन कारणें आमच्या वर्गास विशेष लागू आहेत. मोतीबिंदू पिकूं देऊन बहिर्गोल भिंगानें मोडी वाचीत बसणारे, ऐकूं येत नाहीं म्हणून सभेस येण्याचें सोडणारे, आणि दार लावून एकट्यानेंच बाडें चाळणारे सज्जन प्रत्येक गांवीं असतात. त्यांनीं प्रथम नेत्रवैद्याकडे व कर्णवैद्याकडे जावें, संशोधन त्यानंतर.

७. त्रिविध साधन

आतां हे सर्व धागे एकत्र करूं. चरकानें विमानस्थानाच्या त्याच आठव्या अध्यायांत शास्त्र दृढ होण्याचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा, म्हणजे तीच विद्या जाणणाऱ्याशीं चर्चा. ते तरुण वैद्यासाठीं सांगितले असले तरी वृद्ध संशोधकास ते तितकेच लागू पडतात, असें आमचें मत आहे. वर ज्या चौघांचा उल्लेख केला त्यांच्या चरित्रांत हे तिन्ही उपाय दिसतात. काणे आपल्याच पहिल्या खंडाकडे वार्धक्यांत पुन्हा वळले व तो वाढविला; हें अध्ययन. सातवळेकरांनीं संस्कृत शिकविणाऱ्या पाठमाला घरोघर पोंचविल्या, हें अध्यापन. सरदेसाई व सरकार यांचा पत्रव्यवहार सुमारें पन्नास वर्षें चालला, सरकार कामशेतला येऊन राहत, आणि दोघांनीं मिळून पुणें रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचें संपादन चालविलें, ही तद्विद्यसंभाषा. चरक या संभाषेचे दोन प्रकार सांगतो : स्नेहानें चालणारी ‘संधाय’ व विरोधानें चालणारी ‘विगृह्य’. रियासतकारांना पहिली सरकारांकडून लाभली. पेशवे दप्तराच्या प्रश्नावरून पुण्यांतील विद्वानांशीं जो वाद झाला त्यानें दुसरीचीही उणीव राहूं दिली नाहीं. दोहोंनींही मनुष्य जागा राहतो.

या तिन्ही उपायांत एक समान तत्त्व आहे. तिहींत आपलें म्हणणें दुसऱ्याच्या कसोटीस लागतें. अध्ययनांत तें ग्रंथाच्या, अध्यापनांत शिष्याच्या व संभाषेंत प्रतिपक्षाच्या कसोटीस लागतें. ज्या कामांत चूक काढणारा कोणी नाहीं तें काम कितीही वेळ केलें तरी तो सराव होतो, व्यासंग होत नाहीं. आणि जुने कागद वाचण्याच्या कामांत ही कसोटी पावलोपावलीं आहे. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असा सन कागदावर दिसला कीं दोन, सत्तर, शंभर व हजार यांची बेरीज ११७२ करावी, तींत ५९९ मिळवून १७७१ आणावे, सन मृगापासून बदलत असल्यानें महिना पाहून १७७१ कीं १७७२ तें ठरवावें, आणि मग जंत्री उघडून ताडा पाहावा. यांत भाषा आहे, गणित आहे, तर्क आहे व शेवटीं चुकल्यास पकडणारी जंत्री आहे. नवा कागद म्हणजे नवें वळण, नवा मजकूर, नवी अडचण.

८. निर्णय व विनंति

तेव्हां तपासणीचा निर्णय असा : म्हणीचा कागद बनावट नाहीं, पण त्यावरील वर्ष मागाहून कोणी यमकासाठीं घातलेलें आहे. उतार खरा, साठीचा आंकडा खोटा, आणि उताराचा वेग कांहीं अंशीं, पूर्णपणें नव्हे, आपल्या हातीं आहे.

या निर्णयावरून आमच्या वयाच्या संग्राहकांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली : आपल्या संग्रहांतील प्रत्येक रुमालाची यादी आजच करावी, व कोणता कागद कोणाकडून, केव्हां मिळाला हें त्यावर शकमितीसह लिहावें. स्मृति प्रथम हीच माहिती सोडते हें सभासदावरून आपण पाहिलें. आणि ही माहिती संग्राहकाबरोबर गेली तर ती कोणत्याही दप्तरांत पुन्हा सांपडत नाहीं. दुसरी : एका तरुणास तरी मोडी शिकवावी. शाळांतून मोडी जाऊन कित्येक दशकें लोटलीं. मोडीचे वर्ग आज चालतात खरे, पण वर्गांत अक्षरें येतात, घराण्याघराण्यांचीं वळणें जुन्या वाचकाशेजारीं बसूनच येतात. शिकणाऱ्याचे प्रश्न आपणांसही स्वस्थ बसूं देणार नाहींत. तिसरी : आठवड्यांतून एकदां दोघातिघांनीं एकत्र बसून एक कागद मोठ्यानें वाचावा व वाचनाबद्दल निःशंकपणें भांडावें.

यानें रोग टळेलच, अशी हमी आम्ही देत नाहीं. ती कोणीही देऊं शकत नाहीं. परंतु रोग आला तरी यादी झालेली असेल, शिष्य तयार असेल, व रुमाल कोणाच्या तरी जाणत्या हातांत जाईल. न आला तर पुढचा रुमाल सोडावयास आपणच असूं. संशोधकबंधूंनीं याचा विचार करावा. बहुत काय लिहिणें.